उसवण्यासाठी शिवलेले वस्त्र

साहित्य, संगीत, चित्र, शिल्प यांची समीक्षा करण्याची आपल्याला सवय आहे. अंगावरच्या वस्त्राची समीक्षा मात्र आपण क्वचितच करतो. कापड टिकाऊ आहे काय, रंग पक्का आहे काय आणि भाव परवडतो काय, या तीन प्रश्नांत आपली चौकशी आटोपते. वस्तुतः वस्त्र हीसुद्धा एक रचना आहे. कोणीतरी ते विचारपूर्वक बेतलेले असते, आणि जेथे विचार आहे तेथे त्या विचाराची पारख करायलाही वाव आहे. जुन्या किमोनोंपासून नित्य वापराचे कपडे आणि पिशव्या तयार करण्याची जी प्रथा गेल्या काही दशकांत जपानमध्ये आणि जपानबाहेर रूढ होत गेली आहे, तिची अशी पारख करावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथेचे कारण सहज समजण्याजोगे आहे. जपानी घरांत किरी नावाच्या हलक्या लाकडाची कपाटे असतात. ओलावा आणि कीड यांपासून रेशीम सुरक्षित राहावे म्हणून हे लाकूड निवडलेले असते. आजीचे, पणजीचे किमोनो त्यांत कागदी वेष्टनात घडी घालून ठेवलेले असतात. नात आगगाडीने कचेरीत जाते. तिला किमोनो नेसता येत नाही. तो नीट नेसायला शिकवणारे वर्ग आज चालतात, यावरूनच ती विद्या घरातून किती निघून गेली आहे हे ध्यानात यावे. आजी निवर्तली की कपाट रिकामे करण्याची वेळ येते, आणि जुन्या कपड्यांचा व्यापारी ढीगभर किमोनोंना जी किंमत देऊ करतो ती ऐकून घरच्यांचा जीव थोडा होतो. मग कोणीतरी कातरी हाती घेते. किमोनोचा सदरा होतो, झगा होतो. कमरेला बांधायच्या ओबीची पिशवी होते.

या कातरीविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की, किमोनो ही पूर्ण झालेली कलाकृती आहे आणि तिला कातरी लावणे हा अपराध आहे. दुसरे मत असे की, कपाटात कसर लागून किंवा उकिरड्यावर कुजून जाण्यापेक्षा काहीही झालेले बरे. म्हणून कातरी नेहमीच पुण्यकारक. प्रस्तुत लेखकाला ही दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण किमोनो कसा बनतो याकडे दोन्ही पक्ष पुरेसे पाहत नाहीत.

किमोनोचे कापड अरुंद पन्ह्याच्या एका ठाणातून येते. पन्हा साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर आणि लांबी सुमारे १२ मीटर. या ठाणाचे सरळ रेषेत तुकडे करतात : अंगाच्या दोन लांब पट्ट्या, दोन बाह्या, पुढल्या बाजूस जोडायच्या दोन अरुंद पट्ट्या, गळपट्टी आणि तिच्यावर बसवायची दुसरी आखूड गळपट्टी. अंगाची पट्टी पुढच्या काठापासून निघते, खांद्यावरून जाते आणि मागच्या काठापर्यंत अखंड पोहोचते. खांद्यावर शिवण नसते. पाश्चात्त्य शिंपी अंगाच्या वळणाप्रमाणे कापड वाकडे कापतो आणि उरलेल्या कळ्या-कातरणी टाकून देतो. किमोनोत असे कातरण जवळजवळ उरतच नाही. जास्तीचे कापड कापायचे नाही, शिवणीच्या आत दुमडून ठेवायचे, असा तेथला दंडक आहे. मुलाच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेवर दुमड घालतात, आणि मूल वाढेल तशी ती दुमड सोडत जातात. म्हणजे शिवणाऱ्याने आजच्या अंगाबरोबर उद्याच्या अंगाचाही हिशेब केलेला असतो.

शिवणही तशीच. हाताने घातलेला साधा धावदोरा. तो ओढला की सुटतो. चांगला रेशमी किमोनो धुवायचा झाला तर पूर्वी तो संपूर्ण उसवत असत. सुटे झालेले तुकडे पुन्हा टोकाला टोक जोडून मूळ ठाणाच्या रूपात आणायचे, धुवायचे, समुद्रशेवाळाची खळ द्यायची, आणि फळीवर पसरून किंवा बांबूच्या बारीक ताणकाड्या लावून वाळवायचे. या रीतीला 'आराइ-हारी' म्हणतात. वाळलेले कापड पुन्हा शिवताना झिजलेला भाग आत घालत, विटलेली बाजू पालटत, प्रसंगी दुसऱ्या रंगात बुडवीत. एकाच कापडाचा किमोनो असा अनेकदा नवा होई.

उसवण्याची ही क्रिया केवळ धुण्यापुरती नाही; किमोनोच्या निर्मितीतच ती आहे. ज्या उंची किमोनोंवर एकच चित्र शिवणी ओलांडून पसरलेले असते, त्यांचे पांढरे कापड आधी कच्च्या टाक्यांनी किमोनोच्या आकारात जोडतात, त्यावर चित्राच्या रेषा काढतात, मग ते उसवून रंगवतात आणि अखेरीस पक्के शिवतात. अमामी ओशिमा बेटावरील 'ओशिमा त्सुमुगी' या प्रसिद्ध रेशमाची कथा याहून विलक्षण आहे. रेशमाचे धागे आधी सुती धाग्यांनी आवळून त्यांची चटईसारखी वीण तयार करतात, ती वीण झाडाच्या लाकडाच्या काढ्यात आणि लोहयुक्त चिखलात पुनःपुन्हा रंगवतात, नंतर ती सगळी वीण उसवतात, आणि आवळलेल्या जागी रंग न चढलेल्या त्या धाग्यांतून मागावर नक्षी जुळवीत खरे कापड विणतात. त्या कापडाचा जन्मच उसवण्यातून होतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे 'किमोनो ही पूर्ण झालेली कलाकृती आहे' हे मत टिकत नाही. किमोनो मुळातच उसवण्यासाठी शिवलेला आहे. त्याच्या कर्त्याने आपल्यामागून येणाऱ्या हातांसाठी कापड राखून ठेवले आहे. परंतु याच कारणाने दुसरे मतही लंगडे पडते. 'काहीही करा, वाया जाऊ देऊ नका' एवढ्याने भागत नाही. मागच्या हाताने आपल्यासाठी जी सोय ठेवली ती आपण पुढच्या हातासाठी ठेवतो की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि नव्या पिशवीची किंवा झग्याची गुणवत्ता या प्रश्नावर ठरावी, असे माझे मत आहे.

जुन्या जपानने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. आजचे टोकियो म्हणजे पूर्वीचे एदो. तेथे कांदा नदीच्या काठी यानागिहारा भागात जुन्या कपड्यांच्या दुकानांची रांगच होती. सामान्य माणूस नवे कापड क्वचित घेई. मोठ्यांचा किमोनो जुना झाला की त्याचा लहानांचा होई, लहानांच्या कपड्यातून बाळाची दुपटी निघत, दुपट्यांची फरशी पुसण्याची फडकी होत, फडकी चुलीत जात आणि राख शेतात किंवा रंगाऱ्याकडे पोहोचे. उत्तरेकडील आओमोरी प्रांतात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तेथे पश्चिम जपानातून जहाजांनी आलेल्या जुन्या सुती चिंध्या हीच संपत्ती होती. त्या चिंध्या एकावर एक ठेवून, धावदोऱ्याने दाट शिवून केलेल्या कपड्यांना आणि पांघरुणांना 'बोरो' म्हणतात. आपल्या गोधडीची ती उत्तरेकडची बहीण म्हणता येईल. तानाका चुझाबुरो (१९३३–२०१३) यांनी हे बोरो गावोगाव हिंडून जमवले, तेव्हा ते बाळगणाऱ्या कुटुंबांना त्याची लाज वाटत असे. पुढे टोकियोच्या आसाकुसा भागात २००९ पासून २०१९ पर्यंत ते एका संग्रहालयात मांडलेले होते, आणि आज जगभरचे वस्त्ररचनाकार त्यांचे अनुकरण करतात. दारिद्र्याचे वस्त्र फॅशन झाले. यात कौतुक आहे तसा एक धोकाही आहे. त्याकडे पुढे वळू.

पिशवीही आजची नाही. तांदळाचे दान देवळात नेण्यासाठी किमोनोच्या रंगीत तुकड्यांची जोडपिशवी शिवत. तिला 'कोमेबुकुरो' म्हणजे तांदळाची पिशवी म्हणत. देवापुढे न्यायच्या धान्यासाठी नवे कापड न घेता घरातले जपलेले तुकडे जोडावेत, ही भावना मला बोलकी वाटते. कानाझावा परिसरात बाळासाठी 'ह्याकुतोकू' नावाचा किमोनो करीत. निरनिराळ्या घरांतून कापडाचे तुकडे मागून आणायचे आणि ते जोडून बाळाच्या अंगावर घालायचे, म्हणजे त्या साऱ्या घरांचे आयुष्य आणि आशीर्वाद बाळाला लाभतात, अशी समजूत होती. बौद्ध भिक्षूचे 'केसा' हे वस्त्रही तुकड्यांचेच. हा शब्द आपल्या 'काषाय' शब्दावरून तिकडे गेला. श्रीमंत घरातून उंची रेशमी किमोनो दान आला तरी तो आधी फाडून त्याचे तुकडे करीत आणि मग केसा शिवीत. तुकडे केल्याने कापडाची बाजारी किंमत मोडते आणि ते विरक्ताच्या अंगाला योग्य होते, असा त्यामागचा विचार. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत उमराव स्त्रियांचे रेशमी झगे चर्चला अर्पण होत आणि त्यांतून मिस्सेची वस्त्रे बेतली जात. काही जुन्या वस्त्रांवरील विचित्र जागी आलेल्या जोडांवरून आजही ते ओळखू येते. धर्म वेगळे, देश वेगळे, परंतु कातरी लावण्यापूर्वी कापड कोणाच्या तरी स्वाधीन करण्याची भावना दोन्हीकडे सारखी आहे.

चहाविधीच्या रसिकांनी तर जुन्या कापडाच्या पिशवीला मानाचे स्थान दिले. चहापूड ठेवायच्या लहानशा बरणीला रेशमी पिशवी घालतात. त्यासाठी दूरदेशीचे दुर्मीळ कापड तुकड्यातुकड्याने जपून वापरीत. त्या कापडांत हिंदुस्थानातील रंगीत, छापील सुती कापडही होते. जपानी भाषेत त्याला 'सारासा' म्हणतात. ते प्रथम पोर्तुगीजांच्या आणि नंतर डचांच्या जहाजांतून तेथे पोहोचले. १५७१ मध्ये नागासाकी बंदर पोर्तुगीजांना खुले झाले. त्यांच्या जहाजाचा मार्ग गोव्याहून मलाक्का आणि मकावमार्गे होता. वसईच्या वाचकांना नागासाकी हे नाव संत गोन्सालो गार्सिया यांच्यामुळे परिचित आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे क्रुसावर हुतात्मा होण्यापूर्वी, संन्यस्त जीवन स्वीकारण्याच्या आधी, ते याच सागरी मार्गावरचे व्यापारी होते. किमोनोच्या आत घालायच्या वस्त्राला जपानीत 'जुबान' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'जिबांव' वरून आला. तेव्हा किमोनो हे बाहेरचा वारा न लागलेले वस्त्र आहे आणि त्यात बदल करणे म्हणजे भ्रष्ट करणे, असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या आतल्या थराचे नाव एकदा ऐकावे.

परंतु प्रत्येक कातरी आशीर्वादाची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चैनीविरुद्ध सरकारी मोहीम चालली, किमोनोच्या लांब बाह्या आखूड करण्याचा आग्रह झाला, आणि स्त्रियांनी किमोनो उसवून त्यांच्या 'मोंपे' नावाच्या ढगळ विजारी शिवल्या. १९४५ च्या पराभवानंतर शहरांत अन्नाची ददात पडली. गृहिणी एकेक किमोनो घेऊन खेड्यांत जात आणि शेतकऱ्याकडून तांदूळ किंवा बटाटे आणत. बांबूच्या कोंबाचे एकेक पापुद्रे सोलावेत तसे अंगावरचे एकेक वस्त्र जाई, म्हणून त्या जगण्याला 'ताकेनोको' म्हणजे बांबूच्या कोंबाचे जिणे असे नाव पडले. आज पिशवीला लागलेला रेशमी तुकडा त्या दिवसांतून वाचलेला असू शकतो. घरातल्या कोणीतरी तो शेवटपर्यंत दिला नाही, म्हणून तो उरला.

युद्धोत्तर समृद्धीत किमोनो परतला, पण समारंभाचे वस्त्र म्हणून. तो महाग झाला आणि नित्याच्या जीवनातून सुटला. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानात किमोनोंची वार्षिक विक्री सुमारे एक लाख ऐंशी हजार कोटी येनपर्यंत गेली होती. आज ती त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही खाली आली आहे. माग कमी झाले, विणकर वृद्ध झाले. जुने किमोनो मात्र विपुल आहेत आणि स्वस्त आहेत. आजच्या पुनर्वापराची ही पार्श्वभूमी आहे. एदोतील गृहिणी कापड महाग म्हणून ते पुन्हा वापरीत होती. आजचा कारागीर ते स्वस्त म्हणून वापरतो. बाहेरून कृती एकच दिसते, पण तिची दिशा उलटलेली आहे. महाग वस्तू हाताळणारा हात आपोआप जपून चालतो. स्वस्त वस्तू हाताळताना ते भान हाताला मुद्दाम लावून घ्यावे लागते.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळू. जुन्या किमोनोचे कपडे आणि पिशव्या करणाऱ्यांत उत्तम, मध्यम आणि सुमार असे तिन्ही प्रकार आहेत, आणि त्यांतील फरक पहिल्या प्रथम कापडाच्या निवडीत दिसतो. सर्वांगावर लहान नक्षी वारंवार येणारा 'कोमोन' किमोनो कापला तरी त्याची नक्षी मोडत नाही. तुकडा लहान झाला तरी वाक्य पूर्ण राहते. 'मेइसेन' या रेशमाचेही तसेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इसेसाकी, आशिकागा, चिचिबू इत्यादी गावांत ते मोठ्या प्रमाणावर तयार झाले. रंग भडक, आकार धीट, कडा किंचित पुसट. शाळकरी मुलींनी आणि नोकरदार तरुणींनी रोज वापरावे म्हणूनच ते होते. मेइसेनचा सदरा किंवा घागरा पाहताना कापड आपल्या मूळ कामावर परत आल्यासारखे वाटते.

याउलट 'तोमेसोदे' हा काळा समारंभी किमोनो. त्याच्यावर केवळ खालच्या घेरात चित्र असते : क्रौंच, देवदार, लाटा, आणि ते शिवणी ओलांडून सलग जाते. वरचा सगळा भाग मोकळा काळा. त्या मोकळ्या काळ्यामुळेच खालच्या चित्राला अर्थ येतो. उभ्या पट्ट्या अखंड ठेवून त्याचा लांब झगा केला, तर हा तोल टिकतो. असे झगे होतात आणि ते देखणे असतात. परंतु क्रौंचाची मान कापून तिची पैशांची पिशवी, पंखांची दुसरी आणि पायांची तिसरी, अशी वाटणी केली की हाती केवळ सोनेरी तुकडे राहतात. आणखी एक. तोमेसोदेवर पाठ, बाह्या आणि छाती अशा पाच जागी घराण्याचे चिन्ह असते. ते कोणत्या घराचे, हे न पाहता शोभेचा शिक्का म्हणून झोळीच्या मधोमध बसवणे मला रुचत नाही. चिन्ह पाठीवर होते तेथे पाठीवरच राहू दिले, तर निदान त्याचा मान राहतो.

ओबीची पिशवी ही मात्र बहुधा यशस्वी ठरते, आणि त्याचे कारण रचनेत आहे. ओबी सुमारे ३० सेंटिमीटर रुंद आणि चार मीटरहून लांब. ताण सोसण्यासाठीच जाड विणलेली. पाठीवरच्या गाठीत चौकोनी भाग समोर येतो, तेथेच पुष्कळदा मुख्य नक्षी असते, आणि तो चौकोन पिशवीच्या दर्शनी भागाएवढाच असतो. म्हणजे पिशवी शिवणाऱ्याला ओबीशी झगडावे लागत नाही. तथापि ओबीतील जर पुष्कळदा कागदावर सोन्याचा वर्ख चढवून, त्याच्या बारीक पट्ट्या कापून केलेली असते. पिशवीचे बूड जमिनीला घासते आणि ही जर सर्वांत आधी सुटते. जाणता कारागीर बुडाला आणि कोपऱ्यांना दुसरे दणकट कापड लावतो. दुकानात चमकण्यापुरतीच पिशवी करणारा तसे करीत नाही.

दुसरा फरक आतल्या बाजूला दिसतो. जुने रेशीम घडीच्या रेषेवर विरते. सुरकुतीचे 'चिरिमेन' रेशीम पाण्यात आकसते. जुन्या काळच्या किमोनोंचे लाल अस्तर करडईच्या फुलांच्या रंगाचे असते आणि ओले झाले की त्याचा रंग शेजारच्या कापडाला लागतो. म्हणून जोडण्यापूर्वी प्रत्येक तुकडा धुऊन, वाळवून, उजेडापुढे धरून तपासला पाहिजे. जुन्या वस्त्राला न आकसलेले नवे ठिगळ लावू नये, हा शुभवर्तमानातील दाखला आपल्याला अध्यात्माच्या अंगाने ठाऊक आहे. परंतु तो सांगितला गेला तो शिवणकामाच्या अनुभवातून, आणि किमोनोला जाड नवे अस्तर जोडणाऱ्याने तो शब्दशः पाळावा. विरलेल्या रेशमाला आधार म्हणून आमचे शिंपी ज्याला 'पेस्टिंग' म्हणतात तसले इस्त्रीने चिकटणारे कापड सर्रास लावतात. त्याने आज पिशवी ताठ उभी राहते. परंतु एकदा चिकटवलेले रेशीम पुन्हा सुटे होत नाही; ती पिशवी फाटली की संपली. त्याऐवजी मऊ सुती कापड धावदोऱ्याने आतून जोडले, तर रेशमाला आधारही मिळतो आणि उद्या ते उसवताही येते. काम वेळखाऊ आहे, पिशवीचा भाव वाढतो. पण माझ्या दृष्टीने चांगल्या आणि सुमार कामातली सीमारेषा नेमकी येथून जाते.

तिसरा फरक स्मरणाचा. किमोनोच्या नक्षीला आणि पोताला ऋतूंचे व्याकरण होते : ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा, भर उन्हाळ्यात झिरझिरीत विणीचा, मॅपलची पाने आणि प्लमची फुले आपापल्या वेळी. पिशवी बारमाही. हे व्याकरण तिच्यात टिकणार नाही आणि त्याबद्दल कारागिराला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु कापडाचे नाव तरी टिकवता येते. आज विकणाऱ्याचे नाव पिशवीवर ठळक असते आणि विणणाऱ्याचे कुठेच नसते. बोरोची जी फॅशन झाली तिच्यातला धोका हाच. शेकडो टाके घालणारी स्त्री अनामिक राहते आणि त्या टाक्यांची नक्कल करणारा नामवंत होतो. कापड मेइसेन की त्सुमुगी, कोणत्या भागातले, अंदाजे कोणत्या काळातले, किमोनोचे की ओबीचे, एवढे चार ओळींत लिहिलेली चिठ्ठी पिशवीत ठेवायला खर्च येत नाही. तुकड्याबरोबर त्याची ओळख गेली तर तो तुकडा अनाथ होतो.

यावर कोणी म्हणेल की, एवढ्याशा तुकड्यात असे काय राहते? याचे उत्तर दोन माणसांच्या कामात आहे. क्योतोचे संग्राहक नोमुरा शोजिरो (१८७९–१९४३) यांनी जुन्या किमोनोंचे तुकडे जमवून ते घडीच्या पडद्यांवर अशा रीतीने डकवले की मूळ वस्त्र जणू मांडणीवर टांगलेले आहे असे भासावे. ते सुमारे शंभर पडदे आज साकुरा येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत. त्यांमुळे नष्ट झालेल्या वस्त्रांचे रूप आपल्याला दिसते. परंतु डकवलेले कापड कायमचे थांबले, हेही तितकेच खरे. दुसरे कुबोता इत्चिकू (१९१७–२००३). वयाच्या विसाव्या वर्षी टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांनी 'त्सुजिगाहाना' नावाच्या, लोप पावलेल्या रंगकामाचा एक लहान तुकडा पाहिला. ती कला पुन्हा साधण्याचा त्यांनी ध्यास घेतला. मध्ये युद्ध आले, सायबेरियात युद्धकैदी म्हणून वर्षे गेली. साठीच्या उंबरठ्यावर, १९७७ मध्ये, त्यांनी आपल्या रीतीने साधलेले किमोनो लोकांपुढे मांडले. या सगळ्याच्या मुळाशी तळहातात मावेल एवढे जुने कापड होते. कोणीतरी कधीकाळी अखंड वस्त्र कापले होते; पण तुकडा राहिला, त्याचे नाव राहिले, आणि त्यातून विद्या परत आली.

एक गंभीर आक्षेप मात्र शिल्लक राहतो, आणि तो टाळू नये. जुन्या किमोनोंच्या पिशव्या कितीही सुंदर झाल्या, तरी त्यांतून आजच्या विणकराच्या घरी चूल पेटत नाही. ओशिमाचा माग चालायचा असेल तर कोणीतरी नवे कापड घेतले पाहिजे. मागच्या पिढीच्या श्रमांवर आजची कलाकुसर उभी राहते आणि पुढच्या पिढीला कापायलाच काही उरत नाही, असे झाले तर ही सारी प्रथा म्हणजे वडिलोपार्जित जमीन विकून खाणे ठरेल. पुनर्वापर करणाऱ्यांवर या दुरवस्थेचा दोष येत नाही. ती त्यांच्या आधीपासूनची आहे. परंतु जपानी भाषेतील 'मोत्ताइनाइ' हा शब्द आज जगभर घेतला जातो. २००५ मध्ये जपानला गेलेल्या केनियाच्या वांगारी माथाई यांनी तो जगापुढे आणला. वस्तू वाया घालवू नये, कारण तिच्यात आपल्या योग्यतेहून अधिक काही आहे, असा त्याचा आशय. तो आशय कापडापाशी थांबू नये; कापड विणणारे हात वाया जाणे हेही तितकेच मोत्ताइनाइ आहे. जो पुनर्वापर पाहणाऱ्याच्या मनात नव्या विणीविषयी ओढ निर्माण करतो, तो या आक्षेपाला थोडेतरी उत्तर देतो. मेइसेनचा सदरा घालणारी मुलगी उद्या नवा त्सुमुगी हाताळून पाहील, एवढी आशा बाळगता येते. खात्री देता येत नाही.

जपानात वर्षातून एकदा, काही भागांत ८ फेब्रुवारीला आणि काही भागांत ८ डिसेंबरला, मोडलेल्या सुया देवळात नेऊन मऊ तोफूत किंवा कोन्न्याकूत टोचून ठेवतात. वर्षभर कठीण कापडातून गेलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी, अशी त्यामागची भावना सांगतात. ज्या समाजाने सुईचाही एवढा विचार केला, त्याचे कापड हाती घेणाऱ्याने त्या विचाराला जागावे, एवढीच अपेक्षा या समीक्षेत आहे.

आज अशा पिशव्या आणि जाकिटे परदेशी असलेल्या मुलांकडून भेट म्हणून आपल्याही घरांत येऊ शकतात. आली तर वाचकांनी पुढची नक्षी पाहून झाल्यावर ती पिशवी उलटी करावी आणि आतली शिवण पाहावी. कापड चिकटवले आहे की शिवले आहे? कडा कातरल्या आहेत की दुमडून आत ठेवल्या आहेत? दोरा ओढला तर कापड सुटे होईल काय, आणि ते सुटे झाल्यावर त्यातून लहानसे का होईना, आणखी काही करता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर ती पिशवी किमोनोच्याच कुळातली आहे असे खुशाल समजावे.